त्या रात्री, एका नातेवाइकांकडे

बुरमाकानने पिठाचे चौकोनी तुकडे ओंजळभर उचलून कढईत सोडले. ते फुगून वर यायच्या आत बाहेरच्या खोलीतून सुनेची हाक आली.

“आपा, या लवकर! सुरू होतंय!”

“आले, आले. एवढा घाणा काढते.”

एवढा घाणा, एवढा घाणा म्हणत तिने आधीच दोन घाणे काढले होते. परात बोरसोकांनी शिगोशीग भरली होती. एखाद्या लग्नाला पुरले असते. तरी ती झाऱ्याने एकेक तुकडा उलटा करत राहिली, जणू दोन्ही बाजूंनी सारखा रंग आला नाही तर पाहुणे उठून जाणार होते.

स्वयंपाकघराच्या दारातून खोली दिसत होती. तिच्या मुलाने, दानियारने, रशियात दोन हिवाळे ट्रक चालवून आणलेला टीव्ही अर्धी भिंत अडवून होता. चोंग-जार गावात एवढा मोठा टीव्ही दुसरा नव्हता, म्हणून फिल्म बघायला सगळे इथेच जमले होते. दाराच्या समोरच्या मानाच्या जागी, बुरमाकानने स्वतः शिवलेल्या लाल गादीवर, पाठीशी दोन उशा घेऊन कालिपा बसली होती. कालिपा म्हणजे तिची थोरली जाऊ. घर बुरमाकानचं, गादी बुरमाकानची, बोरसोक बुरमाकानचे, आणि मान कालिपाचा. यात नवं काही नव्हतं. डोंगर आल्यापासून हे असंच चाललं होतं.

गावात सगळे ‘डोंगर आला’ असंच म्हणत. कोणाचं लग्न कधी झालं, कोणाची गाय कधी व्याली, सगळं डोंगर यायच्या आधी की नंतर, यावरून ठरे. त्या वर्षी वसंतात बर्फ वितळत असतानाच पावसाने झड लावली होती. एका पहाटे गावावरचा उतार सुटला आणि वरची अख्खी आळी, घरं, गोठे, अक्रोडाची झाडं, झोपलेली माणसं, सगळं पोटात घेऊन ओढ्यापर्यंत येऊन थांबला. दहा-बारा दिवस उपसलं. मग सरकारने सांगितलं, आता उपसू नका, हीच कबर समजा. पायथ्याशी काळा दगड उभा राहिला, त्यावर नावं कोरली गेली. दर वसंतात तिथे जिल्ह्याचे साहेब येतात, मेंढरं कापतात, दुवा मागतात, आणि सगळे कालिपाचा हात हातात घेतात. त्या एका पहाटेत तिचा नवरा तोलोन गेला होता आणि दोन मुलगे, मिरलान आणि आदिल.

बुरमाकानची नाझिक त्याच्या आदल्या संध्याकाळी गेली. सहा वर्षांची पोर. ताप चढत गेला, मान ताठ झाली आणि दिवेलागणीला सगळं संपलं. डोंगराशी तिचा काही संबंध नव्हता. दगडावर तिचं नाव असण्याचं कारण नव्हतं.

आणि तरीही दर वसंतात त्या दगडापुढे उभं राहून बुरमाकान वरपासून खालपर्यंत नावं वाचत असे. आपल्याला काय होतं हे तिला समजत नव्हतं असं नाही. चांगलं समजत होतं, म्हणून तर ती ते कधी ओठांवर येऊ देत नव्हती. नवरा आणि दोन मुलगे गमावलेल्या बाईचा हेवा करायचा? जीभ झडली असती. पण साहेब कालिपाचा हात धरून ‘माते’ म्हणत, तेव्हा बुरमाकान मांस वाढायच्या निमित्ताने पलीकडे निघून जाई.

“आपा!”

“आले गं बाई.”

तिने गॅस बंद केला, हात पुसले, डोक्यावरचा निळा रुमाल सारखा केला. हा रुमाल ती सणावारालाच काढत असे. आज सकाळी तिने तो ट्रंकेतून काढला तेव्हा सून मीरिम नुसती बघून हसली होती.

रुमाल काढण्यामागे कारण होतं. गेल्या पानगळीत त्या पहाटेची फिल्म करायला राजधानीहून फिल्मवाले आले होते. एक तरुण मुलगी आणि दाढीवाला कॅमेरावाला. तीन दिवस ते कालिपाच्या घरी ठाण मांडून होते. तिसऱ्या दिवशी त्या वस्तीतली वीज गेली, तेव्हा कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या भरून घ्यायला ते बुरमाकानच्या घरी आले. तिने दस्तरखान अंथरला, त्यावर साय, मध, अक्रोड, जे होतं ते सगळं ठेवलं. मुलगी गोड होती. चहा पिता पिता तिने विचारलं, “तुमचं कोणी गेलं का त्यात, आपा?”

“दीर गेला. पुतणे गेले.”

“आणि तुमच्या घरातलं? तुमचं स्वतःचं?”

बुरमाकानने तोंड उघडलं. काय सांगायचं होतं? आदल्या दिवशी गेली, तापाने?

“त्यात नाही,” ती म्हणाली.

मुलीने मान हलवली, “देवाची कृपा,” म्हणाली आणि दुसरा बोरसोक उचलला. बॅटऱ्या भरल्यावर ती दोघं गेली. वीज बुरमाकानच्या घरची आणि गोष्ट कालिपाची, असं ती त्या रात्री मनाशी म्हणाली होती. पण नंतर, बर्फात अडकलेल्या लांबच लांब दिवसांत, तिला एक गोष्ट सुचली होती आणि ती हळूहळू तिच्या मनात घर करून बसली होती. कालिपा वाचली ती का? त्या रात्री ती आपल्या घरी नव्हती म्हणून. आणि घरी का नव्हती? नाझिकला न्हाऊ घालून पांढऱ्यात गुंडाळलं होतं, आणि मढ्याजवळ रात्रभर बसायला थोरली काकू म्हणून कालिपा आली होती. म्हणजे कालिपाची गोष्ट नाझिकवाचून सांगताच येत नव्हती. कुठूनही सुरुवात करा, त्या रात्रीपाशी आलं की नाझिकचं नाव घ्यावंच लागणार. टीव्हीवर. सगळ्या देशासमोर.

म्हणून निळा रुमाल. म्हणून बोरसोकांचे एवढे घाणे.

ती खोलीत येऊन चहाच्या किटलीपाशी बसली. पडद्यावर डोंगर वरून दिसत होता, पाखराला दिसावा तसा. हिरवा, शांत, मधोमध जुन्या जखमेसारखा फिकट पट्टा. मागे कोमूझच्या तारा वाजत होत्या. मग कालिपा चढण चढताना दिसली, पाठमोरी, हातात काठी.

“एजे, काय दिसताय!” शेजारची गुलसून कालिपाला म्हणाली. गुलसूनला कुठेही गप्प बसवत नसे. “अगदी सिनेमातल्यासारख्या!”

“म्हातारी दिसतेय,” कालिपा म्हणाली. “आणि ती काठी माझी नाही. त्या पोराने दिली. म्हणाला, धरा, बरं दिसतं.”

सगळे हसले. कोपऱ्यात बसलेले ओसमोन आबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. बुरमाकानही हसली. तिने पियाले भरून पुढे सरकवले, जसे भरायचे तसे, अर्धे.

मग जुनी चित्रं आली. कोणीतरी तेव्हा हेलिकॉप्टरमधून आणलेल्या कॅमेऱ्याने घेतलेली, रंग उडालेली. चिखल. चिखलातून वर आलेलं एक छप्पर. रांगेने उपसणारी माणसं. खोलीतलं हसू विरलं.

“थांबा,” ओसमोन आबा पुढे वाकले. “अरे, हा तर एर्गेश!”

पडद्यावर बुरमाकानचा नवरा होता. जाऊन त्याला चार वर्षं झाली होती, आणि इथे तो तिशीतला, दाट केसांचा, फावड्याने चिखल मागे फेकत होता. एकदा त्याने मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली वाकला.

“भावासाठी उपसत होता बघा,” आबा म्हणाले. “हाताची सालटी निघाली होती. मी होतो ना बाजूलाच.”

“बुरमाकान, बघ की गं, नवरा किती तरणाताठा दिसतोय तुझा!” गुलसून म्हणाली आणि तिने रुमालाच्या टोकाने डोळे टिपले.

बुरमाकान पाहत होती. ती एर्गेशकडे नव्हे, फावड्याकडे पाहत होती. दांडा मध्ये चिरलेला आणि तारेने आवळलेला. हे फावडं तिच्या अंगणातलं. डोंगर आला तशी सगळी पुरुषमाणसं वर धावली होती, एर्गेशही. नाझिक आत पांढऱ्यात तशीच. रडायला आलेल्या बायका किंचाळत आपापल्या घरांकडे पळाल्या. कालिपा तर अनवाणीच. दुपारी मुल्ला म्हणाले, मढं असं ठेवू नये. तेव्हा एर्गेश चिखलाने माखलेला खाली आला. मुल्ला, एक लंगडा शेजारी आणि तो. मेंढरू कापलं नाही, दारात कोणी हंबरडा फोडत आलं नाही, कोणी शोकगीत म्हटलं नाही. दफनाच्या वेळी बाईमाणसाने कबरस्तानात जायची रीत नव्हती. बुरमाकान उंबऱ्यात उभी राहिली आणि तीन माणसं ओढा ओलांडून जाताना पाहत राहिली. थोड्याच वेळात एर्गेश परत येताना दिसला. तो घरी आला नाही. तेच फावडं खांद्यावर टाकून तो तसाच वर वळला, भावाला शोधायला.

म्हणजे पडद्यावर दिसत होतं त्या फावड्याला लेकीच्या कबरीची मातीही लागलेली होती. हे खोलीत कोणाला ठाऊक नव्हतं. कॅमेऱ्यालाही नव्हतं. कॅमेरा इकडे आलाच नव्हता.

“बिचारा,” गुलसून म्हणाली. “भावाभावांचं काय प्रेम!”

“हो,” बुरमाकान म्हणाली.

पडद्यावर आता कालिपा आपल्या घरात बसली होती. चेहरा एवढा मोठा की कपाळावरची प्रत्येक सुरकुती मोजावी. न दिसणाऱ्या मुलीचा आवाज आला, “आपा, त्या रात्री तुम्ही कुठे होता?”

बुरमाकानने कालिपाचा रिकामा पियाला उचलला होता. किटली तिच्या दुसऱ्या हातात होती. ती तशीच थांबली.

पडद्यावरच्या कालिपाने रुमालाचं टोक बोटांत घेतलं. खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली,

“मी घरी नव्हते. त्या रात्री मी एका नातेवाइकांकडे होते.”

“आणि पहाटे?”

“पहाटे आवाज आला.”

आणि गोष्ट पुढे निघून गेली. पुन्हा चिखल, पुन्हा कोमूझ. खोलीत कोणीतरी हुंदका दिला.

एका नातेवाइकांकडे. बुरमाकानच्या कानात एवढंच घुमत राहिलं. नाव नाही, पोर नाही, मरण नाही. नुसते नातेवाईक, जसं कोणी बारशाला गेलं असेल, लोकर विंचरायला गेलं असेल. डोंगराने कालिपाचं सगळं घेतलं होतं, मान्य. पण गोष्ट तरी तिच्याकडे राहिली होती. एवढी मोठी, सगळ्या देशाला पुरेल एवढी. त्यातला एक शब्द, नाझिक हा एक शब्द, तिला देववला नाही.

बुरमाकानने पियाल्यात चहा ओतला. ओतत राहिली. चहा अर्ध्यावर आला, पाऊणावर आला, काठाला टेकला, काठावर फुगून थरथरला. मग तिने किटली खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी पियाला कालिपापुढे केला.

पियाला अर्धा भरायचा, संपला की पुन्हा अर्धा भरायचा, म्हणजे पाहुण्याने बसावं. काठोकाठ भरलेला पियाला म्हणजे प्या आणि उठा. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं.

गुलसूनची बडबड एकदम थांबली. मीरिमचा हात तोंडाकडे गेला. दानियार टीव्हीकडे पाहत होता, त्याला सगळ्यात शेवटी समजलं.

कालिपाने पियाल्याकडे पाहिलं. मग बुरमाकानकडे. तिने पियाला घेतला, चटका बसत असणार, पण एक थेंब सांडू न देता ओठांना लावला आणि सावकाश, शेवटपर्यंत प्यायली. रिकामा पियाला दस्तरखानावर ठेवला, दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

“तुमचा दस्तरखान सदा भरलेला राहो,” ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

“एजे, अहो, फिल्म अजून अर्धी आहे,” गुलसून कशीबशी म्हणाली.

“पुढचं मला ठाऊक आहे,” कालिपा म्हणाली आणि बाहेर जाऊन बूट शोधू लागली.

बाकीचेही मग फार वेळ थांबले नाहीत. परातीतले बोरसोक तसेच राहिले. पाहुणे गेल्यावर दानियार स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

“आपा, काय केलंत हे?”

“हात थरथरला.”

“तुमचा हात? तुम्ही अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता.” तो आवाज दाबून बोलत होता. “अख्खा देश ज्या बाईसाठी आज रडला, तिला आपल्या घरातून उठवलंत. मी उद्या गावात तोंड कसं दाखवू? सकाळी जा आणि माफी मागा.”

“अख्खा देश,” बुरमाकान म्हणाली. ती पियाले धूत होती. “तुला एक बहीण होती.”

“ठाऊक आहे.”

“नाव काय तिचं?”

“नाझिक,” तो म्हणाला. पण म्हणण्याआधी क्षणभर थांबला. डोंगर आल्यानंतर दोन वर्षांनी जन्मलेला तो, त्याचा काय दोष? तरी तो क्षण बुरमाकानने ऐकला, आणि तिचा हात पियाल्याच्या आत फिरतच राहिला.

सकाळी मीरिमने बोरसोक कापडात बांधून तिच्या हातात दिले. “आपा, काही बोलू नका. नुसते द्या. त्या समजतील.” बुरमाकान निघाली. माफी मागायची की जाब विचारायचा हे तिचं अजून ठरलं नव्हतं. वाटेत तिने दोन्हींची तयारी केली. जाब जास्त चांगला जमत होता.

कालिपाचं घर नव्या वस्तीत होतं, सरकारने डोंगरानंतर बांधून दिलेलं. दाराला कडी होती. कुत्रं साखळीला ओढ देत भुंकलं आणि ओळख पटल्यावर गप्प बसलं. बुरमाकान परत वळणार, तेवढ्यात तिला ओढ्यापलीकडच्या चढावर पांढरा रुमाल दिसला.

काळ्या दगडाची वाट उजवीकडे जाते. हा रुमाल डावीकडे चालला होता, गावाच्या जुन्या कबरस्तानाकडे.

तिथे कालिपाचं स्वतःचं कोणी नव्हतं. सासू-सासरे पलीकडच्या खोऱ्यात पुरलेले. बुरमाकानच्या मनात आधी आलं ते हे, की आता आणखी काय राहिलंय हिला घ्यायचं? मग ती फळकुटावरून ओढा ओलांडून भराभर चढू लागली. एवढ्या भराभर की अर्ध्या वाटेवर छातीत कळ आली आणि थांबावं लागलं.

ती स्वतः इथे वर्षातून एकदा, ईदला येई, मुलाबरोबर, घाईघाईने दुवा मागून परत. पहिली काही वर्षं ती आलीच नव्हती. ज्या वाटेने तीन माणसांनी पोर नेली त्या वाटेवर तिचा पाय उठत नसे. नंतर नंतर एरवी न येण्याचीच सवय झाली. एर्गेश गेल्यावरही तिने मुलाला सांगितलं होतं, त्याला वरच्या बाजूला ठेवा, तिकडे ऊन चांगलं असतं. नाझिकजवळ ठेवा म्हणायचं तिच्या जिभेवर आलं होतं, पण म्हटलं नव्हतं.

जर्दाळूच्या खुरट्या झाडाखाली तो लहानसा उंचवटा होता. कालिपा त्याच्या कडेला जमिनीवर बसली होती, पाय एका बाजूला घेऊन. गेल्या वर्षीचं वाळकं गवत उपटून तिने शेजारी ढीग केला होता. ती बोलत होती.

“...आणि काल तुझ्या आईने मला घराबाहेर काढलं. चहा पाजून. हसतेस काय? जीभ भाजली माझी. सगळं तुझ्यामुळे.”

बुरमाकानच्या पायाखाली खडा सरकला. कालिपाने मान वळवली. दचकली मात्र नाही.

“आलीस,” ती म्हणाली.

“इथे काय करताय, एजे?”

“बसलेय.”

“ती माझी आहे.” बुरमाकानला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. “काल सगळ्या देशासमोर तिचं नाव घ्यायला तुमची जीभ उचलली नाही. नातेवाईक म्हणे! आणि आज इथे येऊन गप्पा मारताय?”

कालिपाने हातातली गवताची काडी ढिगावर टाकली.

“नाव जिभेवर होतं,” ती म्हणाली. “पण घेतलं असतं, तर त्या पोरीने पुढे काय विचारलं असतं? चांगली पोर होती ती, चांगल्या मनाने विचारलं असतं. म्हणाली असती, म्हणजे आपा, त्या लेकराने तुम्हाला वाचवलं? मग मी काय सांगायचं, बुरमा?”

बुरमाकानने गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं.

“हो म्हणायचं? माझा मिरलान त्या संध्याकाळी म्हणत होता, आई, मी पण येतो. मी म्हटलं, लहान मुलांनी मढ्याजवळ बसू नये, झोप. आदिलला पांघरूण घातलं आणि तुझ्याकडे आले. हिच्या उशाशी बसून रात्रभर गळा काढला. आणि वर ते तिघं...” तिने डोंगराकडे हात केला आणि तो अर्ध्यातच खाली आणला. “ही एक दिवस उशिरा गेली असती, तर मी त्यांच्याबरोबर असते. एका पांघरुणात. हे टीव्हीवर सांगायचं होतं? तुझ्यासमोर? तुझ्याच घरात बसून बघायचं होतं?”

वारा आला. जर्दाळूच्या फांद्या एकमेकींवर घासल्या. कळ्या अजून मिटलेल्या होत्या.

“म्हणून येते मी,” कालिपा म्हणाली. “वसंतात येते, पानगळीत येते. भांडायलाच येते आधी. का गेलीस, कधी गेलीस, एक रात्र थांबता नाही आलं का तुला. सगळं बोलून घेते. पण एवढीशी पोर. तिच्याशी किती भांडणार माणूस? मग गवत उपटते आणि जाते.”

“दर वर्षी?”

“दर वर्षी.”

“कधी बोलला नाहीत.”

“तू तरी कुठे बोललीस?” कालिपाने तळहात त्या उंचवट्यावर ठेवला, झोपलेल्या पोराच्या पोटावर ठेवावा तसा. “तिकडे दगड आहे, बुरमा. नावं आहेत. पण त्या दगडाखाली कोणी नाही. माझे कुठे आहेत मला ठाऊक नाही. ओढ्याकडे असतील, वर असतील. बटाट्याच्या शेताखाली असतील. मिरलान एकीकडे नि आदिल भलतीकडेच असेल. हात कुठे ठेवू मी? तुझं बघ. एवढंसं. सुरू कुठे होतं, संपतं कुठे, सगळं दिसतं. डोकं इकडे, पाय तिकडे. तू तिला न्हाऊ घातलंस. केस विंचरलेस, मी बघत होते.” ती थांबली. “साहेब लोक येतात, माझा हात धरतात, तेव्हा तू मागे मांस वाढत असतेस. मी तुझ्याकडे बघत असते. म्हणत असते, हिचं बरं आहे. हिला ठाऊक आहे.”

बुरमाकानच्या हातातलं बोरसोकांचं गाठोडं जड झालं. तिला काहीतरी म्हणायचं होतं. वाईट वाटतंय असं म्हणायला हवं होतं, आणि वाईट वाटतही होतं. पण त्याच्याही आधी, त्याच्या खालून, काहीतरी ऊबदार वर आलं होतं. कोणीतरी आपला हेवा करत होतं. इतकी वर्षं. नाझिकच्या आईचा हेवा. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून तिचे कान गरम झाले.

आणि लगेच मागोमाग दुसरंही आलं. ही इथे वर्षातून दोनदा येते. म्हणजे माझ्यापेक्षा जास्त. माझ्या पोरीशी माझ्यापेक्षा जास्त बोलली आहे ही.

“मग,” तिने विचारलं, “काय म्हणते ती?”

कालिपाने वर पाहिलं. तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

“काय म्हणणार? ऐकून घेते. तुझ्यावर गेली नाही.”

बुरमाकानने नाक ओढलं. गाठोडं गवताच्या ढिगावर ठेवलं, रुमालाची गाठ आवळली, गुडघे चाचपले.

“एजे, सरका.”

“तिकडे एवढी जागा आहे.”

“तिकडे नको. पायांकडे तुम्ही बसा,” बुरमाकान म्हणाली. “डोक्याकडे मी बसते.”

कालिपा क्षणभर तशीच बसून राहिली. मग हातावर भार टाकून ती पायांकडे सरकली.